कपडे दिसू नयेत. मग वाळावेत कुठे?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या टॉवरांत, तसंच नवी मुंबईकडच्या खारघर, उलवे, तळोज्याच्या नव्या संकुलांत लिफ्टशेजारच्या फलकावर हमखास दिसणारी एक नोटीस आहे. बाल्कनीत, खिडकीच्या ग्रिलला किंवा कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत, आढळल्यास दंड आकारला जाईल. नोटीस लागली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. पहिला म्हणतो, दीड कोटीचा फ्लॅट घेतलाय, त्याची चाळ करू नका. रस्त्यावरून बघितलं की लुंग्या आणि परकर लोंबताना दिसतात, उद्या घर विकायला काढलं तर भाव कोण देणार? दुसरा म्हणतो, घर माझं, बाल्कनी माझी, आणि उन्हात कपडे वाळवणं ही तर आपली परंपरा. दोन दिवस टोमणे चालतात, मग कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं आणि विषय विरतो. नोटीस तशीच राहते.

या भांडणात कपड्यांविषयी कुणी बोलतच नाही. एका तटाला इमारत कशी दिसते याची काळजी, दुसऱ्याला मालकीची. दोरी काढून टाकल्यावर नुकसान होतं ते कापडाचं, आणि ते इतक्या सावकाश होतं की त्याचा संबंध कुणी नोटिशीशी जोडत नाही. टी-शर्टला सहा महिन्यांत कुबट वास येऊ लागला, लेगिंग गुडघ्यात लुळी पडली, टॉवेल पाणी टिपेनासा झाला, की आपण म्हणतो, हल्ली कापडच भिकार येतं. तेही थोडं खरं आहे. पण चांगलं कापडही ओलं राहून वाया जातं. माझं म्हणणं सरळ आहे. कपडे वाळवण्याची हवेशीर जागा ही पाण्याच्या टाकीइतकीच इमारतीची प्राथमिक सोय आहे. ज्या सोसायटीनं ती दिलेली नाही, तिला बाल्कनीतल्या दोरीवर बंदी घालायचा अधिकार नाही. जिनं दिली आहे, तिनं खुशाल घालावी.

रोजच्या कपड्यांची बरीचशी झीज अंगावर होत नाही, धुताना आणि वाळताना होते. आणि प्रत्येक धागा ओलेपणी वेगळा वागतो. कापूस ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो, म्हणून तर धोतरं दगडावर आपटूनही टिकायची. व्हिस्कोस, म्हणजे बाजारात रेयॉन नावानं विकल्या जाणाऱ्या कुर्त्यांचं कापड, ओलं असताना जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. लोकर आणि रेशीमही ओलेपणी हळवे. रेयॉनचा कुर्ता मशीनमधून काढून खांद्यांना चिमटे लावून टांगला की पाण्याच्या वजनानं तो खाली ओढला जातो, खांद्यांवर शिंगं उभी राहतात, घेर एका बाजूला उतरतो. तो जितका वेळ ओला लटकेल तितका जास्त बिघडेल. स्ट्रेच कापडातल्या इलास्टेनचं वैर उष्णतेशी आणि क्लोरीनच्या ब्लीचशी. पॉलिएस्टरला पाण्यानं काही होत नाही, पण अंगाचं तेल तो घट्ट धरून ठेवतो, म्हणून व्यायामाचा टी-शर्ट ओलसर राहिला की सगळ्यांत आधी तोच वास मारतो. पोखरण रोडवर १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडच्या लोकरी गिरणीमुळे ठाण्यात एकेकाळी हे सगळं जाणणारी माणसं ढिगानं होती. गिरणीत ओलं कापड कधी नुसतं लोंबकळत सोडत नाहीत. स्टेंटर नावाच्या यंत्रावर दोन्ही कडा धरून, ताण आणि उष्णता मोजून वाळवतात, नाहीतर पन्हा बदलतो. गिरणी बंद झाली, जमिनीवर टॉवर आले, आणि ओलं कापड ही जपण्याची गोष्ट आहे हे शहराच्या डोक्यातूनच गेलं.

आता बंद घरात कपडे वाळण्याचं गणित करू. चार माणसांच्या घरातलं एका वेळचं सुती धुणं कोरडं असताना ५ किलो धरलं, तर मशीनमध्ये पिळून निघाल्यावरही त्यात ३ लिटरच्या आसपास पाणी उरतं. ते सगळं हवेत जायला हवं. जुलैत ठाण्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. २८ अंशांची हवा घनमीटरला साधारण २७ ग्रॅम वाफ धरू शकते, आणि त्यातले साडेचोवीस ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरते ती जेमतेम पावणेतीन ग्रॅमची जागा. म्हणजे ३ लिटर पाणी वाहून न्यायला ११०० घनमीटर हवा लागणार. दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या बेडरूममध्ये हवा मावते ३२ घनमीटर. खोलीतली सगळी हवा चौतीस वेळा बदलेल तेव्हा कुठे ते धुणं वाळेल. खिडकी लावलेली, दार लोटलेलं, मध्ये स्टँड उभा, अशा खोलीत काय होणार? पाणी कपड्यांतून निघून गादीत, भिंतीत आणि कपाटाच्या पाठीमागच्या प्लायमध्ये मुरतं. कपाटामागची काळी बुरशी गळतीची आहे असं समजून प्लंबर बोलावणारी घरं कमी नाहीत. डिसेंबरातल्या दुपारी, ३० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेला, तीच घनमीटरभर हवा १८ ग्रॅम पाणी उचलते. सातपट फरक पडतो. म्हणून बंदी हिवाळ्यात कुणाला जाचत नाही आणि पावसाळ्यात असह्य होते.

कपडे बारा-पंधरा तास ओलसर राहिले की त्यात जीवाणू वाढतात. कुबट वासाला जबाबदार धरला जाणारा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा त्यातला एक. घामातले स्निग्ध अंश हे त्याचं खाद्य, आणि गार पाण्याच्या धुण्यानं तो पुरता जात नाही. मग घरोघरी काय होतं? पावडर दुप्पट होते, सुगंधी सॉफ्टनरचं झाकण भरून ओतलं जातं, आणि कपडे पुन्हा मशीनमध्ये जातात. तिन्ही उपाय उलटे. जास्तीची पावडर नीट निघत नाही, तिचा थर धाग्यात बसून मळ धरतो. सॉफ्टनरचा मेणचट लेप टॉवेलची पाणी टिपायची ताकद घालवतो. आणि प्रत्येक जादा धुण्यात कापड विरत जातं, रंग उतरतो, शिवण उसवते. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथे आणखी एक गोम आहे. जड पाण्यातले क्षार निम्मी पावडर आपणच खातात, आणि लोह असेल तर पांढरे कपडे पिवळट होतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर लोहाचा गंज धाग्यात पक्का बसतो, पिवळेपणा वाढतो. नवी मुंबईला मोरबे धरणाचं तुलनेनं मऊ पाणी मिळतं. तिथे तीच पावडर बरीच कमी पुरते, पण माप कुणी बदलत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. शेवटच्या खंगाळण्याच्या पाण्यात फेस दिसला किंवा बोटांना बुळबुळीत लागलं, तर पावडर जास्त झाली. वास धरलेल्या सुती कपड्यांना पुन्हा पुन्हा धुण्यापेक्षा एकदाच ६० अंशांच्या पाण्यात धुवावं, किंवा पाच लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे ऑक्सिजन ब्लीच टाकून तासभर भिजवावं. रेशीम आणि लोकर यांच्या वाटेला मात्र हा उपाय लावू नये. त्यांना पावडरीतली एन्झाइमंसुद्धा सोसत नाहीत, कारण प्रथिनांचे डाग खाणारं एन्झाइम प्रथिनांचाच धागाही खातं. तिथे रिठ्याचं पाणी बरं.

"मग ड्रायर घ्या ना," हे बंदीवाल्यांचं ठरलेलं उत्तर. ड्रायर वाईट यंत्र नाही. घरात तान्हं बाळ असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर जुलैत त्याला पर्याय नाही हे मान्य. पण ड्रायर हा दोरीचा बदली खेळाडू आहे असं समजणं म्हणजे कापडाशी बेइमानी. प्रत्येक फेरीनंतर त्याच्या जाळीत जी लव जमते, ती धूळ नसते, तुमच्या कपड्यांचं कापड असतं. गरम ड्रममध्ये आपटत फिरताना सुती विणीचा टी-शर्ट आखडतो, इलास्टेन ढिला पडतो, कॉलरच्या आणि कफच्या कडा झिजून पांढऱ्या होतात. वीजही लागते. ३ लिटर पाण्याची वाफ करायला निसर्गनियमानंच २ युनिटं खर्ची पडतात. साधा हीटरचा ड्रायर त्याहून जास्त खातो, हीट पंपाचा तीच उष्णता पुन्हा वापरून कमी. आणि धुणारं-वाळवणारं एकच मशीन घेणाऱ्यांना घरी आणल्यावर कळतं की ८ किलो धुणारं मशीन एका वेळी वाळवतं पाचच किलो. बाकीचे तीन किलो कुठे टाकणार? खुर्चीच्या पाठीवर. ड्रायर वापरायचाच तर टॉवेल, चादरी, मोजे यांना मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं द्यावीत आणि उरलेला ओलावा पंख्याखाली घालवावा. शेवटच्या टप्प्यात कापड पूर्ण कोरडं करण्याच्या नादात जी उष्णता लागते, तीच जास्त नुकसान करते.

बंदीच्या बाजूचे खरे मुद्दे सौंदर्याचे नाहीतच, आणि ते गांभीर्यानं घ्यायला हवेत. पहिला, ठिबकणारं पाणी. बाराव्या मजल्यावरच्या जीन्सचं निळं पाणी अकराव्यावरच्या पांढऱ्या शर्टावर पडलं, तर भांडण व्हायलाच हवं. दुसरा, उंची. अठराव्या मजल्यावरून वाऱ्यानं सुटलेला स्टँड किंवा लोखंडी दांडी कुणाचा जीव घेऊ शकते, आणि कठड्याबाहेर वाकून चादर पसरणं हा वेडेपणा आहे. तिसरा मुद्दा मला सर्वांत भारी वाटतो: बाहेरच्या भिंतीला ड्रिल मारून ठोकलेले ब्रॅकेट. त्या भोकांतून पावसाचं पाणी आत शिरतं, सळई गंजते, प्लास्टर फुगतं, आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्यांच्या माथी बसतो. चौथा, धूळ. रस्त्याची आणि बांधकामांची कामं चालू असलेल्या भागात किंवा रबाळे-महापेच्या कारखानी पट्ट्याच्या वाऱ्यात दिवसभर टांगलेला पांढरा कपडा संध्याकाळी करडा होतो.

पण या चारही मुद्द्यांतून बंदी निघते का? ठिबकण्यावर उत्तर आहे ते पिळण्याच्या नियमात: मशीनमध्ये पूर्ण वेगानं पिळून निघालेला कपडा ठिबकत नाही, हातानं धुतलेला आधी बाथरूममध्ये तासभर निथळू द्यावा. उंचीचं उत्तर कठड्याच्या आत आणि कठड्यापेक्षा खाली वाळवणं. ड्रिलचं उत्तर बाहेरच्या भिंतीला हात न लावणं, दांड्या बाल्कनीच्या छताला, आतून. धुळीचं उत्तर वेळेत आहे: सकाळी घालून दुपारी काढणं, रात्रभर बाहेर न ठेवणं. असे चार नियम लिहायला समितीला अर्धं पान पुरतं. एका ओळीची सरसकट बंदी लिहायला अर्थात त्याहून कमी कष्ट पडतात. शिवाय समितीची नोटीस म्हणजे ठराव नव्हे. दंड ठरवायचा तर तो सर्वसाधारण सभेत ठरतो, लिफ्टशेजारच्या फलकावर नाही.

दोरीच्या बाजूनं बोलणाऱ्यांवरही माझा राग आहे. परंपरेचा दाखला देऊन ते चांगली बाजू कमकुवत करतात. जुनी पद्धत कापडाला जपणारी होती हा गैरसमज आहे. आपटणं, ब्रशनं कॉलर घासणं, पीळ देऊन पिळणं, जाड खळ देऊन कडक इस्त्री, हे सगळं कापडाला भारीच होतं, आणि ते करणाऱ्या बाईच्या मनगटांना त्याहून भारी. खळ दिलेलं कापड घडीवर तुटतं, ठेवून दिलेल्या खळीच्या साडीवर झुरळं आणि कसर येते. ऊनही निव्वळ हितकारक नाही. पांढऱ्या सुती कपड्यांना ते उत्तम; हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि कितीही घासला तरी हटत नाही, पण ओलाच कडक उन्हात ठेवला की दोन-तीन दुपारींत फिका पडत जातो, कारण हळदीचा रंग प्रकाशात तुटतो. तेच ऊन काळ्या-निळ्या रंगांना खातं, रेशीम पिवळं करतं, नायलॉनला ठिसूळ करतं. रंगीत कपडा उलटा करून सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा असतो. कपड्याला मुळात वारा लागतो. ऊन हवं ते काही कपड्यांना आणि काही वेळच. हे मान्य केलं की वादाचं केंद्रच सरकतं. मग दर्शनी बाल्कनीचा हट्ट धरायचं कारण उरत नाही. वारा वाहणारी, छप्पर असलेली जागा पाठीमागे मिळाली तरी चालेल.

हवा आणि उजेड हा खाजगी शौक नाही, हे या भागानं एकदा फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधारणा न्यास स्थापन झाला तो घरांत हवा-उजेड खेळावा याचसाठी. त्या विचारातून पुढे जी घरं झाली, त्यात गॅलऱ्या आल्या, आणि गॅलरीत दोऱ्या आल्या. नवी मुंबईची गोष्ट तर हाकेच्या अंतरावरची. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली आणि १९८० च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आखलं: सातेक घरांच्या मधोमध सुमारे ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण, प्रत्येक घराला वर आकाश. कपडे वाळवायची जागा तिथे वेगळी मागावी लागली नाही, आराखड्यातच ती होती. सिंगापूरचं उदाहरण टॉवरवाल्यांना अधिक पटावं. १९६० मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या गृहनिर्माण मंडळानं उंच इमारती बांधताना खिडकीबाहेर बांबू खोचायच्या नळ्या बांधकामातच दिल्या, आणि बांबू पडण्याचा धोका दिसल्यावर पुढे स्टीलचे रॅक बसवले. सिंगापूरची शिस्त आपल्याला फार आवडते. ती शिस्त कपडे वाळवू देणारी आहे, एवढं मात्र कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९८० च्या सुमाराला, कॅनडाच्या ओंटारियोत २००८ साली, घरमालकांच्या संघांनी घातलेली दोरीबंदी कायद्यानंच निकामी केली गेली. तिथे कारण विजेचं होतं. आपल्याकडे विजेच्या जोडीला अडीच हजार मिलिमीटर पाऊस आहे.

जागा कुठे आहे? सर्वांना आधी सुचतो तो रिकामा पडलेला रेफ्यूज एरिया. तो नाही म्हणजे नाही. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत आगीच्या वेळी माणसांनी थांबायची ती जागा आहे. तिथे दोरी बांधणं हा गुन्ह्याइतकाच गाढवपणा. उरते गच्ची. ती बहुतेक संकुलांत कुलपात असते, आणि कुलपाची कारणंही खोटी नाहीत: वॉटरप्रूफिंगवर खिळे ठोकले जातात, टाक्यांची झाकणं उघडली जातात, रात्री मैफली भरतात. पण यातलं प्रत्येक कारण व्यवस्थेनं सुटतं. खांब जमिनीत न ठोकता सिमेंटच्या ठोकळ्यांत उभे करायचे, दोरी नायलॉनची नको, कारण ती उन्हात वर्षभरात चरबरीत होऊन तुटते, आणि उघडी लोखंडी तार तर नकोच, गंजाचे डाग पाडते. प्लास्टिकचं आवरण असलेली तार किंवा स्टेनलेस स्टीलचा पाइप. गच्ची सकाळी सातला उघडायची, सहाला बंद.

आता गच्चीवर सौर पॅनेलं येऊ लागली आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठीही किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचं अनुदान आहे, आणि "आता कपड्यांना जागा कुठली" हे नवं कारण त्यातून पुढे आलं आहे. उलट ही संधीच आहे. पॅनेलं लादीलगत न टाकता आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर बसवली, तर खाली रंगीत कपड्यांना हवी तशी सावली आणि वारा दोन्ही मिळतात. पॅनेलांमधल्या फटींतून पाऊस गळतो, तिथे पन्हळी टाकाव्या लागतील, आणि विजेच्या वाहिन्या भिंतीकडून, पाइपांतून न्याव्या लागतील. ओले कपडे आणि धातूची तार यांच्या जवळपास उघडी वायर असू नये, हे वेगळं सांगायला नको. सांगाड्याचा खर्च वाढतो, हे खरं. पण बाविसाव्या मजल्यावरच्या गच्चीवर लिफ्टनं बादली नेणं कुणाला परवडणार, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की सोसायटीच्या जिममध्ये रोज किती माणसं जातात?

तोवर ज्यांना बंदीखालीच राहायचं आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. छताला कप्पीनं वरखाली होणारा हँगर लावा, पण सहाही दांड्या एकदम भरू नका. दोन कपड्यांत चार बोटं जागा सोडली तर चार दांड्या सहा दांड्यांपेक्षा लवकर वाळवतात. पंखा छताचा नको, बाजूचा. झोत कपड्यांच्या मधून जायला हवा, आणि समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तीच दमट हवा गोल फिरत राहते. पाऊस इतका की खिडकी उघडता येत नाही, अशा दिवशी एसी ड्राय मोडवर लावून खोली बंद करा. तो हवेतलं पाणी नळीनं बाहेर टाकतो. धुणं रविवारी एकदम न काढता दिवसाआड थोडं काढा. वाळत घालण्याआधी प्रत्येक कपडा दोनदा झटका, शिवणी हातानं ताणून सरळ करा. इस्त्री निम्मी वाचते. टी-शर्ट खालच्या काठाकडून, शिवणीवर चिमटा लावून. शर्ट रुंद हँगरवर, वरचं बटण लावून. स्वेटर टॉवेलवर आडवा. जीन्स कमरेकडून उलटी, खिसे बाहेर काढून. पैठणी आणि जरीच्या साड्या घरी धुऊच नयेत. पावसाळा संपला की सावलीत वारा द्यावा, घड्या बदलाव्यात, मलमलीत गुंडाळाव्यात, आणि डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत.

एक आक्षेप राहिला, आणि तो तरुण घरांतून जास्त येतो. तीनशे रुपयांना टी-शर्ट मिळतो, त्याला जपण्यात वेळ कशाला घालवायचा? कापड स्वस्त झालंय हे खरं, आणि त्याचा सगळ्यांत मोठा फायदा गरिबाला झाला हेही खरं. फाटकं नेसून सण काढणाऱ्या पिढीला स्वस्त कपड्यावर नाक मुरडणारी माणसं चीड आणतील, आणि आणायलाच हवी. पण स्वस्ताईची उरलेली किंमत कुठे भरली जाते ते पाहायला ठाण्याहून लांब जावं लागत नाही. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांनी वालधुनी नदीचं काय केलं, हे लोकलच्या दारात उभं राहून नाक दाबणाऱ्यांना माहीत आहे. जुन्या कपड्यांचं पुढे काय होतं? बोहारीण भांडी देऊन सुती साड्या न्यायची, कारण त्यांची गोधडी होत असे, पुसणी होत असत. पॉलिएस्टर मिसळलेल्या, गोळे आलेल्या टी-शर्टाला ती हात लावत नाही. पाणी न टिपणाऱ्या कापडाचं फडकंही होत नाही. नवी मुंबई महापालिकेला बेलापुरात जुन्या कापडाचं वर्गीकरण करणारं केंद्र काढावं लागलं, ते या ढिगामुळेच. वर्षभर टिकणारा कपडा दोन वर्षं टिकला, तर त्या ढिगातला निम्मा भाग उभाच राहत नाही. कुठल्याही पुनर्वापर केंद्राला हे जमण्यासारखं नाही.

नव्या इमारतींचे आराखडे अजून कागदावर आहेत, तिथे बोलायला वाव जास्त. चार माणसांच्या एका वेळच्या धुण्याला, चादर धरून, ५० फुटांच्या आसपास दांडी लागते. बिल्डरच्या माहितीपत्रकातली 'ड्राय बाल्कनी' चार बाय पाचची असते. त्यात मशीन, नळ आणि बादली ठेवल्यावर वर चार दांड्या बसतात, प्रत्येकी चार फुटांच्या. म्हणजे १६ फूट. बाकीचे ३४ फूट दर्शनी बाल्कनीत जाणार हे नकाशा काढणाऱ्याला नकाशा काढतानाच दिसत असतं, आणि पझेशननंतर तिथेच बंदीची नोटीस लागणार हेही. सॅम्पल फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत मशीन मांडलेलं असतं, कुंडी असते, कधीकधी वेताची टोपलीही असते. दांडी नसते. बुकिंगचा चेक लिहिण्याआधी विक्री कार्यालयात टेप मागून घ्यावी आणि सगळं धुणं किती फुटांवर वाळणार, हे त्या जागेवर उभं राहूनच मोजून घ्यावं.